पाव एकाच बेकरीचा: ब्राउझर निवडताना काय बघायचं?

ऑगस्ट २०२५ मध्ये पर्प्लेक्सिटी नावाच्या एका एआय कंपनीनं गूगलपुढे प्रस्ताव ठेवला: तुमचा क्रोम ब्राउझर आम्हाला विका, ३४.५ अब्ज डॉलर देतो. म्हणजे साधारण तीन लाख कोटी रुपये. ही रक्कम पर्प्लेक्सिटीच्या स्वतःच्या तेव्हाच्या किमतीहूनही जास्त होती. गूगलनं क्रोम विकला नाही, ती गोष्ट तिथेच संपली. पण आमच्या शेजारच्या काकांनी ती बातमी वाचून मला जिन्यात गाठलं. "जी वस्तू फुकट डाउनलोड होते, तिला कोण एवढे पैसे देतं रे? आणि देत असेल, तर आपल्याला ती फुकट का मिळते?"

काकांचा प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर नीट सापडलं, तर कुठला ब्राउझर वापरायचा हे ठरवणंही सोपं जातं.

आधी ब्राउझर म्हणजे काय ते बघू

आपण एखादी वेबसाइट उघडतो तेव्हा तिकडून तयार पान येत नाही. येतो तो मजकूर, चित्रं आणि 'हे इथे ठेव, ते निळं कर, बटण दाबलं की अमुक कर' अशा सूचना. त्या वाचून पडद्यावर पान उभं करायचं काम ब्राउझरच्या पोटातला जो भाग करतो, त्याला इंजिन म्हणतात. बाकीचं, म्हणजे वरचे टॅब, बुकमार्क, रंगरूप, पासवर्ड लक्षात ठेवणं, हे सगळं इंजिनाभोवतीचं बांधकाम.

आता वडापावच्या गाड्या आठवा. एका चौकात सहा गाड्या, प्रत्येकीची पाटी वेगळी, चटणी वेगळी, एकाचा वडा तिखट तर दुसऱ्याकडे मिरची मोठी. पण पहाटे जाऊन बघाल तर पाव सगळ्यांकडे एकाच बेकरीतून उतरतो. ब्राउझरचंही तसंच झालंय. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी, सॅमसंग इंटरनेट, आपल्याकडच्या झोहोचा उला, या सगळ्यांचा पाव एकच. त्या इंजिनाचं नाव ब्लिंक, आणि बेकरी मुख्यतः गूगलच्या ताब्यात. मायक्रोसॉफ्टनं वर्षानुवर्षं स्वतःचा पाव भाजला, पण जानेवारी २०२० मध्ये नवा एज आणला तो याच बेकरीचा पाव घेऊन.

उरल्या मोठ्या बेकऱ्या दोनच. ॲपलचं वेबकिट, जे सफारीत असतं. आणि मोझिलाचं गेको, जे फायरफॉक्समध्ये असतं. आयफोनवाल्यांसाठी आणखी एक गोम आहे. युरोपीय संघात मार्च २०२४ पासून ॲपलला नियम सैल करावे लागले, पण आपल्याकडच्या आयफोनवर तुम्ही क्रोम टाका की फायरफॉक्स, आत वेबकिटच चालतं. त्यामुळे आयफोनवर 'क्रोम वेगवान की सफारी' असा वाद कुणी घालत असेल तर तो पाट्यांवरचा वाद आहे.

एवढं कळलं की 'मी सात ब्राउझर वापरून पाहिले' असं सांगणाऱ्या माणसाला विचारता येतं: बाबा रे, सातपैकी इंजिनं किती?

फुकट आणि मुक्त

इंग्रजीत या दोन्हींना एकच शब्द आहे आणि त्यावरून त्यांच्याकडे भयंकर गोंधळ होतो. आपल्याकडे तो व्हायचं कारण नाही. फुकट म्हणजे पैसे लागत नाहीत. मुक्त म्हणजे तो प्रोग्रॅम हवा तसा वापरायची, आतून कसा चालतो ते वाचायची, बदलायची आणि बदललेला दुसऱ्याला द्यायची मोकळीक आहे. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकी प्रोग्रॅमरनी १९८० च्या दशकात ही कल्पना मांडली, तेव्हा बहुतेकांनी त्यांना विक्षिप्त ठरवलं होतं.

क्रोम फुकट आहे, मुक्त नाही. त्याच्या मुळाशी असलेला क्रोमियम हा प्रकल्प मात्र मुक्त आहे. गूगल त्यात आपला मालमसाला घालून क्रोम बनवतं, मायक्रोसॉफ्ट आपला घालून एज. फायरफॉक्स फुकटही आहे आणि मुक्तही. ब्रेव्हचा कोड, म्हणजे प्रोग्रॅम ज्या सूचनांनी लिहिलाय तो मजकूर, खुला आहे. विवाल्डीचा बराचसा खुला, पण वरच्या रंगरूपाचा भाग त्यांनी आपल्याकडे ठेवलाय. ऑपेरा नुसताच फुकट.

'मला कुठे कोड वाचायचाय, मला काय फरक पडतो?' हा आक्षेप लगेच येतो. फरक कसा पडतो ते एका जुन्या गोष्टीवरून दिसतं. १९९० च्या दशकाच्या शेवटी केडीई या स्वयंसेवी प्रकल्पातल्या काही मंडळींनी लिनक्ससाठी केएचटीएमएल नावाचं छोटंसं इंजिन लिहिलं. ॲपलनं ते उचललं, त्याचं वेबकिट केलं आणि जानेवारी २००३ मध्ये सफारी जाहीर केला. परवाना असा होता की सुधारलेला कोड पुन्हा खुला करणं भाग होतं. म्हणून २००८ मध्ये गूगलला तेच वेबकिट घेऊन क्रोम काढता आला आणि २०१३ मध्ये त्याचा फाटा फोडून ब्लिंक वेगळं करता आलं. आज जगातली बहुतांश माणसं ज्या इंजिनांवर वेब बघतात, त्यांची पणजी म्हणजे हौशी लोकांनी लिहिलेला तो कोड. तो मुक्त नसता तर ॲपल आणि गूगल दोघांनाही शून्यापासून सुरुवात करावी लागली असती.

फायरफॉक्सचा जन्मही असाच. नेटस्केप ही ब्राउझर बनवणारी कंपनी मायक्रोसॉफ्टपुढे हरत आली तेव्हा १९९८ मध्ये तिनं आपला कोड खुला केला. त्या राखेतून मोझिला उभी राहिली आणि ९ नोव्हेंबर २००४ ला फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती आली. मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर तेव्हा इतका सुस्तावला होता की टॅब म्हणजे काय हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना फायरफॉक्समुळे कळलं. सायबर कॅफेच्या दिवसांतले लोक हे वाचताना मान डोलावतील.

पण पैसे येतात कुठून?

इथे काकांच्या प्रश्नाचं उत्तर आहे. ब्राउझरच्या पट्टीत तुम्ही 'पुणे ते गणपतीपुळे अंतर' टाइप करता तेव्हा तो शोध कुणाकडे तरी जातो. ज्याच्याकडे जातो, तो जाहिराती दाखवून कमावतो. तो शोध आपल्याकडेच यावा यासाठी गूगलनं वेगवेगळ्या कंपन्यांना २०२१ या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर दिल्याचं अमेरिकेतल्या खटल्यात उघड झालं. २०२२ मध्ये एकट्या ॲपलला सुमारे २० अब्ज. ब्राउझर म्हणजे वेशीवरचा जकात नाका. आणि नाकाच आपल्या मालकीचा असला तर कुणाला काही द्यावंही लागत नाही. म्हणून गूगलनं क्रोम काढला आणि म्हणून पर्प्लेक्सिटीला तो हवा होता.

त्याच खटल्यात न्यायाधीश अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये निकाल दिला की शोधाच्या बाजारात गूगलनं बेकायदा मक्तेदारी टिकवली. सरकारी वकिलांनी क्रोम विकायला लावा अशी मागणी केली. सप्टेंबर २०२५ मध्ये मेहतांनी ती फेटाळली. फक्त 'आमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला ठेवायचं नाही' अशा अटीचे करार करायला गूगलला मनाई केली. पैसे देणं बंद करा असं मात्र ते म्हणाले नाहीत.

हे ऐकून सुटकेचा सर्वांत मोठा निःश्वास कुणी टाकला असेल? मोझिलानं. कारण फायरफॉक्सच्या कमाईतला सुमारे ८५ टक्के वाटा गूगलकडून येतो, हे मोझिलाच्या वित्त अधिकाऱ्यांनीच २०२५ मध्ये कोर्टात सांगितलं. बेकरीला टक्कर देणारी दुसरी बेकरी पहिलीच्याच पैशांवर चाललीये. मला फायरफॉक्स आवडतो, पण ही गोष्ट लपवून त्याची शिफारस करणं बरं नव्हे.

बेकरीनं पाव बदलला तर गाड्यांनी काय करायचं?

पाव एकच असला म्हणून बिघडलं कुठे, असं वाटू शकतं. स्वस्त पडतो, सगळीकडे सारखा लागतो. बिघडतं ते बेकरीनं पाव बदलायचं ठरवलं की.

२०१८ मध्ये गूगलनं जाहीर केलं की एक्सटेन्शनांची नियमावली बदलणार. एक्सटेन्शन म्हणजे ब्राउझरला वरून जोडायचं छोटं जादा काम: जाहिराती अडवणं, शब्दकोश दाखवणं, वगैरे. नव्या नियमावलीचं नाव मॅनिफेस्ट ३. जुन्या पद्धतीत जाहिरात अडवणारं एक्सटेन्शन दारावरच्या वॉचमनसारखं होतं. येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून स्वतः ठरवायचं की आत सोडायचं की नाही. नव्या पद्धतीत त्यानं आधीच यादी लिहून सोसायटीच्या ऑफिसात द्यायची, आणि दारावर ऑफिसचा माणूस ती बघून ठरवणार. यादीच्या लांबीलाही मर्यादा.

गूगलचं म्हणणं असं की यामुळे सुरक्षा वाढते, आणि ते साफ खोटं नाही. प्रत्येक पान वाचू शकणारं एक्सटेन्शन लबाड निघालं तर तुमच्या बँकेचं पानही वाचेल. पण याचा फटका रेमंड हिल यांच्या युब्लॉक ओरिजिन या मुक्त आणि अतिशय गुणी एक्सटेन्शनला बसला. ऑक्टोबर २०२४ पासून क्रोमनं ते बंद करायला सुरुवात केली आणि २०२५ च्या मध्यापर्यंत जुन्या पद्धतीचा दरवाजा पूर्ण लावला. क्रोमवर आता त्याची 'लाइट' आवृत्ती मिळते. साध्या कामाला पुरते, पण धार कमी. फायरफॉक्सवर मूळ युब्लॉक चालूच आहे, कारण बेकरी वेगळी. ब्रेव्हनं जाहिराती अडवायची सोय एक्सटेन्शनवर न सोडता स्वतःच्या पोटात बांधलीये, म्हणून तोही वाचला. आणि जाहिराती विकणाऱ्या कंपनीनंच जाहिरात अडवण्याचे नियम ठरवले, याकडे बघून ज्याला जे वाटायचं ते वाटो.

'माझ्याकडे लपवण्यासारखं आहे काय?'

काका हे म्हणालेच. त्यांना मी तुळशीबागेत नेलं, मनातल्या मनात. समजा तुम्ही दहा दुकानांत फिरलात आणि प्रत्येक दुकानाच्या कोपऱ्यात एकच माणूस वही घेऊन उभा. तुम्ही कुठला पितळी दिवा हातात घेतला, कुठल्या साडीपाशी घुटमळलात, सगळं टिपतोय. दुकानदाराशी तुमचा व्यवहार आहे. या माणसाशी नाही. वेबवर त्या वहीचं काम करते 'त्रयस्थ कुकी'. कुकी म्हणजे साइटनं तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली खुणेची चिठ्ठी. त्रयस्थ म्हणजे ज्या साइटवर तुम्ही गेलात तिची नसून तिसऱ्याच कुणाची.

सफारीनं मार्च २०२० मध्ये या चिठ्ठ्या सरसकट बंद केल्या. फायरफॉक्सनं जून २०२२ पासून प्रत्येक साइटची बरणी वेगळी केली, म्हणजे एकीतली चिठ्ठी दुसरीत वाचता येत नाही. क्रोमनं जानेवारी २०२० मध्ये 'दोन वर्षांत बंद करू' असं सांगितलं, मुदती वाढवत नेल्या आणि २०२४-२५ मध्ये तो बेतच सोडला. तिन्हींच्या कमाईचे मार्ग आठवले की यात आश्चर्य काही राहत नाही.

इन्कॉग्निटो खिडकीबद्दलचा गैरसमजही इथेच काढून टाकू. त्या खिडकीनं तुमची हिस्टरी घरच्यांपासून लपते. साइटपासून, ऑफिसच्या नेटवर्कपासून किंवा इंटरनेट देणाऱ्या कंपनीपासून नाही. याच गैरसमजावरून गूगलवर खटला झाला आणि २०२४ मधल्या तडजोडीत कंपनीनं अशा खिडक्यांतून जमलेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल केलं.

आता 'खाजगीपणा जपतो' असं म्हणणारे सगळे साधुसंत आहेत असंही नाही. २०२० मध्ये ब्रेव्ह काही क्रिप्टो साइटांचे पत्ते आपोआप पूर्ण करताना त्यात स्वतःच्या कमिशनची खूण घुसडताना सापडला; माफी मागून त्यांनी ते थांबवलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये मोझिलानं 'तुमची माहिती कधीच विकणार नाही' हे आपलं जुनं वाक्य काढून टाकलं, ओरड झाल्यावर कायदेशीर व्याख्यांचं कारण दिलं आणि शब्द सुधारले. मला ते कारण पटलं, पण अर्धंच.

तुलना करायची तर आपल्या कामावर करा

यूट्यूबवर ब्राउझरच्या शर्यती असतात. स्पीडोमीटर नावाची एक प्रामाणिक चाचणीही आहे. तिची तिसरी आवृत्ती २०२४ मध्ये आली ती ॲपल, गूगल, मोझिला या प्रतिस्पर्ध्यांनी मिळून बनवलेली. पण आजच्या घडीला नेहमीच्या कॉम्प्युटरवर हे फरक डोळ्यांना क्वचित जाणवतात. पान उशिरा उघडलं तर दोष बहुधा पानातल्या जाहिरातींचा असतो, म्हणून जाहिरात अडवणारा 'हळू' ब्राउझर न अडवणाऱ्या 'वेगवान' ब्राउझरला सहज मागे टाकतो.

मी जे केलं ते सांगतो. दोन ब्राउझर शेजारी शेजारी टाकले. दोन्हींत रोजचे तेच आठ टॅब उघडले: मेल, दोन वर्तमानपत्रं, रेल्वे, वीजबिल, यूट्यूब, एक सरकारी पोर्टल, एक शब्दकोश. तासाभरानं शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं. विंडोजवर क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हींत त्यानं कुठला टॅब किती मेमरी खातोय ते दिसतं. ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर ही यादी बघणं म्हणजे महिनाअखेरीला किराण्याचं बिल बघण्यासारखं.

मग मराठी. एखादं असं पान उघडा ज्यात 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'उद्ध्वस्त', 'शृंगार' हे शब्द आहेत. अर्ध्या र ला वळण नीट पडतंय का, 'द्ध' जुळतोय का ते बघा. इथे ब्राउझरांत फरक कमी सापडेल, आणि त्याचं श्रेय पुन्हा मुक्त सॉफ्टवेअरलाच: अक्षरं जुळवण्याचं काम क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हींत हार्फबझ हा एकच मुक्त प्रोग्रॅम करतो. (नाव फारसीवरून आलंय, 'हर्फ' म्हणजे अक्षर.) पाकळीचा ल आणि देठाचा श हवा असेल तर मात्र फाँटही तसा लागतो आणि पानानं 'माझी भाषा मराठी' असं कोडमध्ये सांगावंही लागतं; नाही सांगितलं तर बहुतेकदा हिंदी वळणाचा ल दिसतो. फायरफॉक्समध्ये देवनागरीसाठी वेगळा फाँट निवडून ठेवायची सोय सेटिंगमध्येच आहे. ज्यांना बारीक हिंदी वळणाची अक्षरं खटकतात, त्यांना एवढ्या एका गोष्टीसाठीही तो घ्यावासा वाटेल.

मशीन फारच जुनं असेल तर आणखी एक मुद्दा. विंडोज ७ ला क्रोमनं २०२३ च्या सुरुवातीला रामराम केला. फायरफॉक्सनं ११५ क्रमांकाच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीतून सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यानंतरही बराच काळ चालू ठेवल्या. गावाकडच्या शाळेतल्या कॉम्प्युटर लॅबसाठी ही क्षुल्लक गोष्ट नाही.

'बँकेची साइट चालली नाही तर?'

खरी भीती हीच असते. आणि ती निराधारही नाही. माझ्या एका बँकेच्या साइटनं फायरफॉक्सला दारातच अडवलं: 'कृपया क्रोम वापरा.' मी फायरफॉक्सला 'मी क्रोम आहे' असं खोटं सांगायला लावणारं एक एक्सटेन्शन टाकलं आणि साइट गुण्यागोविंदानं चालली. म्हणजे अडचण तांत्रिक नव्हतीच. तपासायचा कंटाळा होता. पंधरा वर्षांपूर्वी सरकारी साइटांच्या तळाशी 'इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उत्तम दिसते' अशी ओळ असायची, तिचाच हा नवा अवतार. एक्सप्लोरर जून २०२२ मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याच्यावर बेतलेल्या किती साइटा उघड्या पडल्या, ते ई-निविदा भरणाऱ्यांना विचारा. एजमध्ये अजूनही एक्सप्लोररचा आव आणायची सोय ठेवावी लागलीये.

त्यामुळे नवा ब्राउझर घेतला म्हणून जुना काढून टाकू नका. दोन्ही नांदू द्यात. बुकमार्क आणि पासवर्ड एकातून दुसऱ्यात नेता येतात. फक्त पासवर्डची फाइल हातानं उतरवून घेतलीत तर काम झाल्यावर ती लगेच पुसा. ती साधी मजकुराची फाइल असते, कुणीही उघडून वाचू शकतो.

आणि हे एआय ब्राउझर?

पर्प्लेक्सिटीचा कॉमेट आणि ओपनएआयचा ॲटलस हे दोन्ही २०२५ मध्ये आले. पाव पुन्हा त्याच बेकरीचा. 'माझं तिकीट काढ' म्हटलं की ते स्वतः पानं उघडून बटणं दाबतात. ऐकायला छान. पण पानात कुणी लपवून लिहिलेली सूचना एआयला मालकाचीच आज्ञा वाटू शकते. कॉमेटमध्ये असं घडवता येतं हे ऑगस्ट २०२५ मध्ये ब्रेव्हच्या संशोधकांनी दाखवून दिलं. मालकाचा आवाज आणि रस्त्यावरच्या कुणाचाही आवाज ज्या गड्याला वेगळा ओळखता येत नाही, त्याच्या हातात मी तरी अजून कपाटाची किल्ली देणार नाही.

देशी पर्यायाचं म्हणाल, तर केंद्र सरकारनं घेतलेल्या भारतीय ब्राउझर स्पर्धेत मार्च २०२५ मध्ये झोहोला एक कोटींचं पहिलं बक्षीस मिळालं. उला चांगला घडवलेला आहे, पण पाव क्रोमियमचाच. पूर्ण नवी बेकरी काढायचा प्रयत्न सध्या लेडीबर्ड ही ना-नफा संस्था आणि सर्व्हो हा मुक्त प्रकल्प करतायत. रोजच्या वापराला दोन्ही अजून कच्चे आहेत.

'बरं, मग तू काय वापरतोस?'

काकांचा शेवटचा प्रश्न. लॅपटॉपवर फायरफॉक्स आणि युब्लॉक ओरिजिन, त्या हट्टी बँकेसाठी एज. आईच्या अँड्रॉइड फोनवर ब्रेव्ह, कारण तिला काही जोडायला, निवडायला नको होतं. तो टाकायला बसलो तेव्हा आधीच्या ब्राउझरमध्ये २३ साइटांना नोटिफिकेशन पाठवायची परवानगी दिलेली सापडली. राशिभविष्य, पाककृती, कुठली तरी लॉटरी. फोनवर दिवसभर येणारी 'व्हायरस सापडला' ही भीती तिथूनच यायची. ते सगळं बंद करायला ब्राउझर बदलावाही लागला नसता, सेटिंगमध्ये जाऊन पाच मिनिटांचं काम होतं.

काकांनी हे ऐकून खिशातून स्वतःचा फोन काढला. त्यांच्याकडे ४१ निघाल्या.